घरच्या फायबरला स्वतःचा राउटर: काय बदलावे आणि काय जसेच्या तसे ठेवावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या गल्ल्यांत आणि वाड्या-वस्त्यांत खांबांवरून आलेली काळी बारीक फायबर आता नवलाची राहिलेली नाही. तिच्या टोकाला कंपनीचा लाईनमन जो डबा बसवून जातो, तोच आपला वायफायचा डबा असे बहुतेक घरांत धरून चालतात. प्रत्यक्षात तो डबा दोन अगदी वेगळी कामे करत असतो, आणि त्या दोन कामांतला फरक ज्याला समजला त्याला स्वतःचा राउटर लावणे अवघड जात नाही. मी हा लेख लिहितो आहे तो मुख्यतः तेवढ्याचसाठी, कारण आमच्या भागात नवा राउटर आणून निराश झालेली जी घरे मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांनी भलतेच काम बदलायला घेतले होते.

पहिले काम प्रकाशाचे आहे. एक्सचेंजमधल्या यंत्राकडून, ज्याला ओएलटी म्हणतात, एकच फायबर निघते आणि वाटेत स्प्लिटरमधून फुटून बहुधा ३२ किंवा ६४ घरांपर्यंत जाते. जीपॉन नावाच्या या पद्धतीत खाली येणारी माहिती १४९० नॅनोमीटर आणि वर जाणारी माहिती १३१० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरींवरून एकाच काचतंतूतून जाते. हा प्रकाश ओळखून त्याचे विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या भागाला ओएनटी म्हणतात. तुमच्या ओएनटीचा अनुक्रमांक ओएलटीमध्ये नोंदवलेला असतो आणि नोंद नसलेल्या यंत्राला ओएलटी दाद देत नाही. म्हणूनच बाजारातून दुसरा ओएनटी आणून परस्पर जोडता येत नाही, आणि चंदगडच्या पाहुण्यांकडे पडून असलेला जुना ओएनटीही बेळगावात उपयोगी पडत नाही. त्यांचा साधा राउटर मात्र रिसेट करून, म्हणजे त्यातली जुनी सेटिंगे पुसून, खुशाल वापरता येतो.

दुसरे काम घराचे आहे: खाते क्रमांक देऊन इंटरनेटशी जोडणी उघडणे, घरातल्या प्रत्येक मोबाइलला, संगणकाला, टीव्हीला पत्ता वाटणे आणि वायफाय पसरवणे. स्वतःचा राउटर आणायचा म्हणजे हे दुसरे काम त्या डब्याकडून काढून आपल्याकडे घ्यायचे आणि प्रकाशाचे काम त्याच्याकडेच राहू द्यायचे.

खरेदीच्या आधीची तपासणी

राउटर बदलून सुटेल असाच तुमचा त्रास आहे का, हे आधी पाहावे. लॅपटॉप वायफायवरून तोडून लॅन केबलने थेट कंपनीच्या डब्याला जोडावा आणि वेगाची चाचणी सकाळी एकदा, रात्री नऊच्या सुमारास एकदा अशी घ्यावी. केबलवर पूर्ण वेग मिळतो आणि आतल्या खोलीत मोबाइलवर मिळत नाही, तर दोष वायफायचा आहे आणि नवा राउटर उपयोगी पडेल. केबलवरच वेग नसेल तर नव्या राउटरवर खर्च करू नये. अनेक योजनांत महिन्याची डेटामर्यादा संपली की वेग मुद्दाम उतरवला जातो, त्यालाही कोणताच राउटर उपाय नाही.

केबलवरही जोडणी तुटत असेल तर प्रकाशाची पातळी पाहावी. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता, जो बहुधा १९२.१६८.१.१ असतो आणि डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो, तो इंग्रजी आकड्यांत टाइप करून आत जावे आणि ऑप्टिकल किंवा पॉन या नावाच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, हा आकडा शोधावा. तो डीबीएम या मापात दिलेला असतो. तो नेहमी उणे असतो. घरगुती जीपॉनमध्ये सर्वसाधारणपणे उणे ८ ते उणे २७ डीबीएम या दरम्यानचा प्रकाश ओएनटीला चालतो. उणे १५ ते उणे २४ च्या आसपास असेल तर निश्चिंत राहावे, आणि उणे २६ च्या खाली सरकत असेल तर तक्रार नोंदवावी.

नंदगडला माझ्या मावशीच्या घरी दर संध्याकाळी इंटरनेट जात होते आणि सगळ्यांचा रोख राउटर बदलण्यावर होता. मी आकडा पाहिला तेव्हा तो उणे २७.४ होता. शोकेस भिंतीला सरकवताना मागची फायबर एका खिळ्यावर काटकोनात दाबली गेली होती. शोकेस चार बोटे पुढे ओढून फायबरला वाटीच्या काठाएवढी गोलाई दिली, आणि पान पुन्हा उघडले तेव्हा आकडा उणे २१.६ झाला होता. त्या घरात आजही जुनाच डबा आहे. फायबर वाकली की तिच्यातला प्रकाश वळणावर बाहेर गळतो, म्हणून तिला तांब्याच्या तारेसारखे वागवू नये. तिचे टोक विनाकारण उपसू नये, हिरव्या रंगाच्या टोकाच्या जागी निळे टोक जोडू नये आणि उघड्या टोकात डोळा लावून पाहू नये, कारण तो प्रकाश दिसत नसला तरी लेझरचा असतो.

कोणता राउटर घ्यावा याबद्दल थोडक्यातच सांगतो. त्याचे सर्व पोर्ट गिगाबिटचे असावेत, कारण १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून ३०० एमबीपीएसची योजना कधीच पूर्ण उतरणार नाही. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे असावेत, ॲक्सेस पॉइंट मोड, म्हणजे नुसते वायफाय पसरवण्याची सोय, असावा आणि वॅनसाठी, म्हणजे इंटरनेटकडच्या जोडणीसाठी, व्हीलॅन क्रमांक (एकाच तारेवरच्या वेगवेगळ्या सेवा वेगळ्या ओळखण्याचा क्रमांक) घालण्याची सोय असावी. वायफाय ६ चा मध्यम किमतीचा राउटर चार-पाच माणसांच्या घराला पुरतो. टेलिफोनच्या तारेवर चालणारा जुना एडीएसएल मोडेम कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नये. त्याला फायबरसाठी लागणारा वॅन पोर्ट बहुधा नसतोच.

आधी लिहून ठेवा

कोणत्याही सेटिंगला हात लावण्यापूर्वी ओएनटीच्या वॅन पानाचे मोबाइलने फोटो काढावेत. जोडणीचा प्रकार पीपीपीओई (खात्याचे नाव व पासवर्ड देऊन उघडणारी जोडणी) आहे की डीएचसीपी (पत्ता आपोआप मिळणारी जोडणी), व्हीलॅन क्रमांक कोणता, खात्याचे नाव काय, आवाजासाठी म्हणजे लँडलाइनसाठी वेगळी नोंद आहे का, हे सगळे त्या फोटोंत स्पष्ट वाचता आले पाहिजे. पासवर्ड तेथे ठिपक्यांत झाकलेला असतो, म्हणून तो कंपनीच्या ग्राहक सेवेकडून किंवा ॲपवरून आधीच मिळवून ठेवावा. व्हीलॅन क्रमांक एका एक्सचेंजचा दुसरीकडे चालेलच असे नाही, शिवाय बेळगाव कर्नाटक दूरसंचार सर्कलमध्ये आहे आणि कोल्हापूर महाराष्ट्र सर्कलमध्ये, त्यामुळे कोल्हापूरच्या भावाने पाठवलेल्या फोटोवरून आपला क्रमांक ठरवू नये.

हे मी इतके आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. टिळकवाडीतल्या आमच्या घरी मी पहिल्यांदा हा उद्योग केला तेव्हा पासवर्ड चालेना म्हणून डब्यामागच्या बारीक छिद्रात पिन घालून दहा सेकंद दाबून धरली. दिवे विझून पुन्हा लागले, आणि त्याबरोबर कंपनीने भरलेल्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या. लाईनमन तिसऱ्या दिवशी आला. भला मुलगा होता, पण त्याने हात टेकले: "काका, हे सेटिंग वरून टाकायला लागतंय, माझ्याकडून होत नाही." पुतणीचा ऑनलाइन वर्ग तोपर्यंत शेजाऱ्यांच्या वायफायवर चालला. ओएनटी रिसेट करू नये. नव्या राउटरला हवे तितक्या वेळा रिसेट करावे, त्याचे काही बिघडत नाही.

सर्वांत सोपा मार्ग: ॲक्सेस पॉइंट

घरातल्या वायफायचीच तक्रार असेल तर बहुतेकांना हाच मार्ग पुरतो, आणि माझा सल्ला असा की सुरुवात येथूनच करावी. यात कंपनीचा डबा आपली दोन्ही कामे करत राहतो आणि नवा राउटर फक्त वायफाय पसरवतो. नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये ऑपरेशन मोड शोधून ॲक्सेस पॉइंट निवडावा, वायफायचे नाव आणि पासवर्ड घालावा, राउटर सुरू झाल्यावर ओएनटीच्या लॅन पोर्टपासून त्याच्यापर्यंत केबल ओढावी, आणि शेवटी ओएनटीचे स्वतःचे वायफाय बंद करावे. दोन डबे शेजारी-शेजारी एकाच पट्ट्यावर बोलत राहिले तर दोघांचाही वेग खाली येतो.

तुमच्या राउटरला तो मोड नसेल तर तेच काम हाताने करता येते. राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ असा करावा, त्याची पत्ते वाटण्याची म्हणजे डीएचसीपी सर्व्हरची सोय बंद करावी आणि केबल वॅन पोर्टमध्ये न घालता लॅन पोर्टमध्ये घालावी. ओएनटीचा पत्ता १९२.१६८.१.१ नसून वेगळा असेल तर राउटरला त्याच्याच ओळीतला मोकळा पत्ता द्यावा.

काहीही न बदलता ओएनटीच्या लॅनमधून नव्या राउटरच्या वॅनमध्ये केबल घातली तरी इंटरनेट चालते, फक्त पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते, ज्याला डबल नॅट म्हणतात. व्हिडिओ पाहणे, बँकेचे काम, मुलांचा अभ्यास यांना त्याने काही अडत नाही. बाहेरून घरचे कॅमेरे पाहणे, ऑनलाइन खेळ आणि ऑफिसचे काही व्हीपीएन यांना मात्र तो आड येऊ शकतो. दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ असाच असला तर गोंधळ होतो, म्हणून नव्या राउटरचा पत्ता १९२.१६८.५०.१ असा काही वेगळा करावा.

ब्रिज मोड: पूर्ण ताबा हवा असेल तेव्हा

ब्रिज मोडमध्ये ओएनटी फक्त प्रकाशाचे काम करतो आणि खाते उघडण्यापासून पुढचे सर्व तुमचा राउटर करतो. त्यासाठी पहिली विनंती कंपनीलाच करावी. आपल्या भागात बरेच लाईनमन आणि स्थानिक फ्रँचायझीवाले "ब्रिज करून द्या" एवढ्या शब्दांवर काम ओळखतात. ग्राहक सेवेच्या फोनवर मराठी समजणारे कोणी मिळाले नाही तरी "ब्रिज मोड" हे दोन शब्द सगळीकडे सारखेच आहेत. काही कंपन्या ही सोय देत नाहीत. तेथे वाद न घालता वरचा मार्ग धरावा.

बदल स्वतः करायचा असल्यास ओएनटीच्या वॅन पानावर इंटरनेटच्या नोंदीचा मोड रूटऐवजी ब्रिज करावा, व्हीलॅन क्रमांक पूर्वीचाच ठेवावा आणि ही नोंद लॅन १ या पोर्टशी बांधावी. आवाजाची नोंद वेगळी असते, तिला अजिबात हात लावू नये, नाहीतर लँडलाइन मुकी होईल. फोनची तार ओएनटीलाच राहणार आहे. दूरस्थ देखभालीची टीआर-०६९ ची नोंद असेल तर तीही तशीच ठेवावी. मग लॅन १ मधून राउटरच्या वॅनमध्ये केबल घालून राउटरच्या इंटरनेट पानावर जोडणीचा प्रकार पीपीपीओई निवडावा आणि खात्याचे नाव व पासवर्ड टाकावा. खात्याच्या नावात @ नंतरचा भागही अक्षरशः टाकायचा असतो, तो गाळल्यामुळे अडकलेले लोक मी पाहिले आहेत. व्हीलॅनचा शिक्का बहुधा ओएनटीच लावतो, त्यामुळे राउटरमध्ये तो पुन्हा लावण्याची गरज पडत नाही.

जोडणी झाली नाही तर राउटर काय संदेश देतो ते नीट वाचावे, कारण दोन संदेशांचे अर्थ अगदी वेगळे आहेत. समोरून उत्तरच येत नाही असे तो म्हणत असेल तर हाक एक्सचेंजपर्यंत पोहोचलेली नाही. ब्रिज, पोर्टची बांधणी किंवा व्हीलॅन यांपैकी काहीतरी चुकले आहे, आणि तेव्हा राउटरमध्येही व्हीलॅन क्रमांक घालून पाहावा. ओळख नाकारली असे म्हणत असेल तर वाट बरोबर आहे आणि नाव किंवा पासवर्ड चुकला आहे. तेही बरोबर असेल तर जुन्या डब्याने उघडलेले सत्र अजून पलीकडे जिवंत असण्याची शक्यता असते. दोन्ही डबे बंद करून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. काही केबल ऑपरेटर खाते यंत्राच्या मॅक पत्त्याशी, म्हणजे यंत्राच्या ओळख क्रमांकाशी, बांधून ठेवतात. त्यांना फोन करून नव्या राउटरचा मॅक नोंदवून घ्यावा किंवा राउटरमधील मॅक क्लोन या सोयीने जुना पत्ता घालावा.

काही संकेतस्थळे लगेच उघडतात आणि काही नुसती फिरत राहतात, असे झाले तर एमटीयू, म्हणजे माहितीच्या एका पाकिटाची कमाल मर्यादा, पाहावा. पीपीपीओईच्या वेष्टनाला ८ बाइट लागतात, म्हणून १५०० मधून ते वजा होऊन १४९२ हा आकडा येतो. बहुतेक राउटर तो आपोआप धरतात, काहींना सांगावे लागते. आयपीव्ही६ ची, म्हणजे नव्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांची, सोय कंपनी देत असेल तर राउटरमध्ये ती सुरू करावी आणि त्याच पीपीपीओई सत्रावर चालू द्यावी.

घरचे कॅमेरे बाहेरून पाहण्यासाठीच ज्यांना ब्रिज हवा आहे, त्यांनी राउटरला मिळालेला वॅन पत्ता आधी तपासावा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर एकच सार्वजनिक पत्ता कंपनीने अनेक ग्राहकांत वाटला आहे, आणि मग ब्रिज करूनही बाहेरून दार उघडणार नाही. त्यासाठी कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घ्यावा लागतो किंवा कॅमेऱ्याचे स्वतःचे ॲप वापरावे लागते.

जांभ्याच्या भिंती आणि वायफाय

खानापूर भागातली जुनी घरे, आणि बेळगाव शहरातल्या जुन्या गल्ल्यांतली कित्येक घरे, जांभ्या दगडाच्या हात-दीड हात जाड भिंतींची आहेत. अशा दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झची लहर जवळजवळ पोहोचत नाही आणि २.४ ची पोहोचली तरी थकून पोहोचते, आणि त्या पुढे कितीही महागडा राउटर हतबल होतो. डबा मात्र नेमका पडवीतल्या कोपऱ्यात असतो, कारण फायबर तेथून आत आलेली असते. ओएनटी पडवीतच राहू द्यावा आणि राउटर लॅन केबलने माजघरात, छातीच्या उंचीवर, मोकळ्या जागी न्यावा. लोखंडी कपाट, आरसा आणि फ्रीज यांच्या मागे तो ठेवू नये. माडीवरही वायफाय हवे असेल तर बिनतारी रिपीटरच्या नादी न लागता वर दुसरी केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट लावावा.

केबल कॅट ६ ची घ्यावी. १०० मीटरपर्यंत ती १ गिगाबिट वेग वाहून नेते. तिच्या आठही तारा टोकात नीट बसल्या पाहिजेत. चारच तारा लागल्या तरी इंटरनेट चालते, पण १०० एमबीपीएसच्या वर जात नाही, आणि हा दोष अनेक महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

२.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचे चॅनेल निवडून रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ किंवा १४९ पासून पुढची चॅनेले निवडावीत. मधल्या चॅनेलांवर राउटरला रडारसाठी कान देऊन थांबावे लागते, आणि चाहूल लागली की चॅनेल सोडावे लागते.

राउटरचा प्रशासक पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडावे, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) आणि बाहेरून प्रवेशाची सोय बंद करावी आणि फर्मवेअर, म्हणजे राउटरचे आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत करावे. पाहुण्यांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क ठेवले तर घरचा पासवर्ड गावभर होत नाही.

वीज आणि वळीव

आता दोन डबे झाले, म्हणून वीज गेल्यावर दोन्ही चालू राहिले पाहिजेत. राउटरपुरती छोटी डीसी यूपीएस घेताना दोन्ही डब्यांवर छापलेले व्होल्टेज आणि अँपिअर वाचावे. ओएनटी १२ व्होल्टचा आणि राउटर ९ व्होल्टचा असला तर दोन्ही व्होल्टेज देणारी यूपीएस लागते, आणि दोन्हींच्या अँपिअरची बेरीज तिच्या क्षमतेत बसली पाहिजे.

काचतंतूतून वीज वाहत नाही, म्हणून फायबरला विजेचे भय नाही असे लोक सांगतात. ते अर्धेच खरे आहे. खांबावरून घरात येणाऱ्या अनेक फायबर केबलींना आधारासाठी पोलादी तार जोडलेली असते आणि अडॅप्टर तर घरच्या विजेवरच असतो. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे ढग गडगडू लागले की दोन्ही अडॅप्टर सॉकेटमधून उपटून ठेवावेत. घरापासून गोठ्यापर्यंत किंवा शेजारच्या भावाच्या घरापर्यंत इंटरनेट न्यायचे असेल तर उघड्यावरून तांब्याची लॅन केबल न ओढता पोलादी तार नसलेली फायबर टाकावी.

सगळे जुळल्यावर पुन्हा लॅन केबलवर वेग मोजून पहिल्या आकड्याशी ताडून पाहावा आणि लँडलाइनवरून एक फोन लावून पाहावा. खात्याचे नाव, व्हीलॅन क्रमांक, जोडणीचा प्रकार आणि दोन्ही डब्यांचे पत्ते एका कागदावर लिहून तो राउटरच्या तळाशी चिकटवावा. पासवर्ड तेवढा घरच्या वहीत ठेवावा. ओएनटी सहसा कंपनीच्या मालकीचा असतो आणि जोडणी बंद करताना परत मागितला जातो, म्हणून त्याचे खोके आणि अडॅप्टर टाकून देऊ नयेत. पुढे कधी ओएनटी बिघडला आणि लाईनमनने नवा बसवला, तर तो नवा डबा बहुधा ब्रिजमध्ये नसतो. तुमचा राउटर त्या दिवशी जोडणी होत नाही म्हणून तक्रार करील. तेव्हा राउटर रिसेट न करता लाईनमन घरात असेपर्यंतच त्याच्यापुढे तो कागद धरावा आणि नव्या डब्यालाही ब्रिज करून घ्यावे.